फरशी पुसता पुसता हसवायचं कसं? : एकपात्रीबद्दल वाचकांचे प्रश्न

फ्लॅटमध्ये झाडू-पोछा करणाऱ्या बाईच्या आयुष्यावर विनोदी एकपात्री करायचा आहे, असं सांगणारी बरीच पत्रं आली आहेत. इंदूरच्या रामबाग, सुदामानगर, टिळकनगरसारख्या जुन्या मराठी वस्त्यांतून आली, तशी बायपासकडच्या नव्या सोसायट्यांतूनही आली. निवडक प्रश्नांना संहिता, दिग्दर्शन आणि ध्वनी सांभाळणाऱ्या आमच्या मंडळींनी उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : तासाभराचा प्रयोग लिहायचा आहे. आधी किस्से गोळा करू का? आणि एकूण किती लिहावं लागेल? (टिळकनगर)

किस्से नंतर. आधी कामाचा क्रम कागदावर उतरवा. जाळी, पंखा, कपाटावरची धूळ, मग केर, शेवटी फरशी: काम वरून खाली येतं. हा क्रम कुणी मोडला की हशा तिथेच असतो. केर निम्म्यावर आलेला असताना "काय उकडतंय गं बाई" म्हणत कुणीतरी पंखा लावतं. फरशी लख्ख झाल्यावर कुणाला तरी आठवतं, "अगं, माळ्यावरचं राहिलंच की." समोर बसलेल्या निम्म्या लोकांनी घरी हे केलेलं असतं, त्यामुळे समजावून सांगायची गरज पडत नाही. मात्र तुमच्या पात्रानेच आधी फरशी पुसून मग पंखा झटकला, तर जाणकार प्रेक्षक तिथेच तुटतो आणि पुढचा तासभर परत येत नाही.

हातच्या युक्त्याही टिपून ठेवा. पंखा पुसताना जुना अभ्रा पात्यावर चढवतात आणि दाबून बाहेर ओढतात, म्हणजे धूळ अभ्र्यात राहते, गादीवर पडत नाही. अशी एक कृती रंगमंचावर नीट दिसली की बाईच्या हुशारीवर वेगळं भाषण लिहावं लागत नाही.

माहितीसाठी घरकाम करणाऱ्या चार-पाच जणींशी बोललं तरी पुरतं. त्यांना कामाच्या वेळेत गाठू नका, पुढच्या घरी उशीर झाला की बोलणी त्यांना बसतात. दुपारी काम आटोपल्यावर भेटा, आणि तेवढ्या वेळात त्यांची जी कमाई झाली असती त्यापेक्षा कमी पैसे देऊ नका. रेकॉर्डिंग करायचं तर विचारून. "त्रास काय होतो?" असं विचारलंत तर सगळीकडे एकच उत्तर मिळेल. किल्ली कुठे ठेवलेली असते, चहा कुठल्या कपात मिळतो, कोणत्या लिफ्टने यायचं, दिवाळीला कुठल्या घरून काय येतं, सुट्टी मागायची तर आधी कुणाला सांगायची, हे विचारा. प्रयोग याच उत्तरांत आहे.

लांबीचं म्हणाल तर रंगमंचावर मराठी बोलताना मिनिटाला ११० ते १२० शब्द होतात. हशा, हालचाल आणि न बोलता चाललेलं काम धरलं तर ८५-९०. म्हणजे ६० मिनिटांना पाच हजारांच्या आसपास शब्द. पहिला खर्डा सात हजारांचा झाला तरी बिघडत नाही, तालमीत गळतो. एका सकाळची पाच घरं हा सांगाडा सोपा आहे. पण प्रत्येक घराला बारा-बारा मिनिटं वाटून देऊ नका, तिसऱ्या घरापर्यंत प्रेक्षक घड्याळ बघायला लागतो. पहिल्या घराला सतरा-अठरा मिनिटं द्या, कारण काम काय असतं हे तिथे कळतं. मधलं एखादं घर तीन मिनिटांत संपवा: बेल वाजवली, कुलूप आहे, निरोप नाही, चार जिने फुकट चढले.

प्रश्न : रंगमंचावर खरं पाणी वापरावं का? नुसता अभिनय केला तर खोटं वाटतं, पाणी घेतलं तर घसरायची भीती वाटते. (सुदामानगर)

थोडं पाणी हवंच. पिळताना फडक्यातून पडणारी धार आणि तिचा आवाज यांची नक्कल होत नाही. पण बादलीभर पाणी नको.

१६ लिटरची साधी प्लास्टिकची बादली घ्या. तळाशी एकेक लिटरच्या चार भरलेल्या, झाकणं घट्ट लावलेल्या बाटल्या ठेवा आणि त्यांच्यामध्ये स्पंज कोंबा, नाहीतर उचलताना खडखडतात. वर बादलीच्या तोंडात अडकेल असा लहान टब बसवा आणि त्यात फक्त एक लिटर पाणी घाला. असं केलं की बादलीला पाच किलोंचं खरं वजन येतं, खांदा आपोआप झुकतो, आणि लाथ बसली तरी सांडतं ते तांब्याभरच. रिकामी बादली 'जड' करून उचलणं हा नवशिक्या नटांचा नेहमीचा घोळ. हात ताठ होतो पण दुसऱ्या बाजूची कंबर वळत नाही, आणि प्रेक्षकाला लगेच कळतं.

फडकं जुन्या सुती टॉवेलचं, साधारण दीड फूट बाय दोन फूट. मायक्रोफायबरचं नको, ते पाणी धरून ठेवतं आणि धार दिसत नाही. प्रयोगाआधी विंगेत भिजवून एकदा पिळून ठेवा.

रंगमंचाच्या फळ्यांवर थेट पुसू नका. फळ्यांचा काळा रंग ओला झाला की निसरडा होतो, आणि सतरंजी असेल तर फडकं सरकतच नाही. फिक्या राखाडी रंगाचं, मॅट, सहा बाय आठ फुटांचं व्हिनाइल अंथरा आणि चारही कडा रुंद चिकटपट्टीने पूर्ण बंद करा. फक्त कोपरे चिकटवले तर मधली कड उचलते आणि पाय अडकतो. बाजूने एक दिवा तिरपा टाकला की ओला पट्टा चमकतो, मागच्या रांगेलाही कुठवर पुसलं ते दिसतं. व्हिनाइलच्या आजूबाजूला सहा फुटांत वायर, जमिनीवरचा दिवा, एक्स्टेंशन बोर्ड काही नको. प्रकाशवाल्याला हे तोंडी सांगून सोडून देऊ नका, रंगीत तालमीत स्वतः वाकून बघा. नटीने अनवाणी राहावं.

आता दिशेचं. फरशी पुसणारी व्यक्ती मागे मागे सरकते, म्हणजे ओल्यावर आपलेच पाय उमटत नाहीत. खोलीचं दार प्रेक्षकांच्या बाजूला धरलंत तर नटीची पाठ प्रेक्षकांकडे येईल आणि निम्मे संवाद वाया जातील. म्हणून दार रंगमंचाच्या मागच्या बाजूला धरा. ती पुढच्या कडेपासून सुरू करेल आणि प्रेक्षकांकडे तोंड ठेवून मागे सरकत जाईल. याचा आणखी एक मोठा फायदा आहे. ओली फरशी तिच्या आणि प्रेक्षकांच्या मधे राहते, आणि घरातलं कुणीतरी नेमकं त्या ओल्यावरूनच चालत जातं.

ते माणूस दाखवायचं नाही. दिसली पाहिजे फक्त बाईची नजर. हात थांबतो. नजर डावीकडच्या कोपऱ्यात एका ठिकाणी पडते, मग हातभर पुढे, मग आणखी पुढे. पाच पावलं. पाचव्या पावलाला नजर थांबते, कारण ती व्यक्ती काहीतरी विसरलेली आहे. मग नजर त्याच वाटेने परत येते, पण पहिल्या पावलांवर नाही, शेजारी नवी पाच. आता एकूण दहा. यानंतर बाईने काही बोलू नये, फडकं टबात बुडवावं. प्रत्येक पावलाला साधारण एक सेकंद द्या. घाई केली तर प्रेक्षकाला पाऊल दिसत नाही, दोन सेकंद झाले तर ते वाट बघायला लागतात. तालमीत जमिनीवर खडूने पावलं काढून नजरेचा सराव करा, मग खडू पुसा.

उकिडवं बसून बोलताना पोट दाबलं जातं आणि श्वास अपुरा पडतो. त्या भागातली वाक्यं सात-आठ शब्दांची ठेवा आणि हात शरीराकडे ओढताना बोला. लांब पल्लेदार वाक्यं ती उभी राहील तेव्हासाठी राखून ठेवा. गुडघ्यांना पातळ पट्टे बांधा, सलवारीखाली दिसत नाहीत. सलग दोन दिवस प्रयोग असतील तर दुसऱ्या दिवशी बसण्याचा वेळ निम्म्यावर आणा.

प्रश्न : गणेशोत्सवात पंधरा मिनिटांचा तुकडा करून पाहिला. लोक हसले, पण बाईच्या बोलण्याच्या ढंगाला. मला ते आवडलं नाही. काय बदलू? (रामबाग)

तुम्हाला खटकलं हे बरं झालं. कारण बहुतेक वेळा एकच असतं: पहिल्या तीन मिनिटांत प्रेक्षक घरमालकांच्या डोळ्यांनी बघायला लागतो. सुरुवात "आमच्याकडे एक बाई आहे हं..." अशी असेल तर पुढे काहीही केलं तरी बाई हा बघण्याचा विषयच राहते. पहिलं वाक्य तिचं हवं, आणि त्यात तिचं घराविषयीचं मत हवं. तिने दार उघडल्या-उघडल्या चपलांकडे बघून घरात कोण आलंय, कोण रुसलंय हे ओळखलं, की प्रेक्षक तिच्या बाजूला जाऊन बसतो.

दुसरं, तिला ज्ञान द्या. इंदूरच्या बऱ्याच घरांत कोटा फरशी आहे आणि बोअरिंगच्या पाण्याचे पांढरे डाग ही घरोघरची कटकट. मालकीण म्हणते, ॲसिड टाक. डाग चुन्याचा आणि कोटा हाही चुनखडीचाच दगड, त्यामुळे ॲसिड दोघांनाही खातं. संगमरवराचंही तेच. हे बाईला माहीत असतं. मग तिचा संवाद असा येतो:

"टाकते की ताई. डाग जाईल. डागाबरोबर चमक जाईल. मग चमक कुठे गेली, ते पण मलाच विचाराल."

तीन छोटी वाक्यं, चौथ्याला हशा. "मलाच" या शब्दावर जोर द्या आणि त्यानंतर हात परत कामाला लावा. प्रेक्षकांकडे बघून थांबलात तर टाळी मागितल्यासारखं होतं. ढंग तसाच ठेवा. माळवी-हिंदी मिसळलेलं मराठी हे तिचं खरं बोलणं आहे, ते 'शुद्ध' करू नका. मात्र हशा ज्या शब्दावर यायला हवा तो शब्द अवघड किंवा चमत्कारिक उच्चाराचा ठेवू नका, नाहीतर लोक उच्चारालाच हसतील. तुमच्या बाबतीत तसंच झालेलं दिसतं.

प्रश्न : लक्ष्मण देशपांडे एकटे ५२ पात्रं उभी करायचे. मग सात-आठ पात्रंच पुरेत असं का सांगतात? (वैशालीनगर)

त्यांच्या 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या एकपात्रीच्या विषयात अख्खं वऱ्हाड होतं, गर्दी हाच त्याचा जीव होता. तुमच्या प्रयोगात एक बाई दिवसभर एकटी असते आणि लोक तिच्याशी दारातून, बाल्कनीतून, फोनवरून बोलतात. पात्रं वाढवलीत तर तिचं एकटेपण हरवेल. बाई धरून सात ठेवा. प्रत्येकाला तीन गोष्टी ठरवून द्या: नजरेची उंची, वजन कोणत्या पायावर, आणि एक हात काय करतोय. आवाज सगळ्यात शेवटी. नुसत्या आवाजाने पात्रं बदलली तर चौथ्या पात्रापासून एक पात्र दुसऱ्यासारखं वाटायला लागतं. बाई बसलेली आणि मालकीण उभी असेल तर दर वाक्याला उठबस करू नका, नजर वर-खाली केली की पुरतं.

प्रश्न : दोन बाटल्या एकत्र ओतून फेस, धूर असा गमतीचा प्रसंग घेतला तर? (सुदामानगर)

खऱ्या रसायनांनी अजिबात नको, आणि संवादातूनही असली कृती सुचवू नका. ब्लीच आणि टॉयलेटचं ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू तयार होतो. बंद बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरू शकतो. उलट तिने "या दोन बाटल्या शेजारी ठेवूच नका ताई" असं म्हणून त्या वेगळ्या ठेवल्या तर प्रसंगही होतो आणि कुणाच्या तरी घरी उपयोगही. बाटल्या धुऊन, लेबलं काढून, खाण्याच्या रंगाचं पाणी भरा. फिनेलच्या पांढऱ्या पाण्यासाठी चमचाभर दूध पुरतं. मागच्या रांगेपर्यंत वास जात नाही, तो चेहऱ्यावर दाखवा.

प्रश्न : कचऱ्याच्या गाडीचा प्रसंग इंदूरमध्ये खूप चालतो, पण पुण्याच्या नातेवाइकांना तो कळला नाही. काढू का? (बायपास)

काढू नका, आधी दोन वाक्यं घाला. स्वच्छ सर्वेक्षणात २०१७पासून इंदूर वर्षानुवर्षं पहिलं येत राहिलं, हे पुण्यातही माहीत आहे. पण रोज सकाळी गाणं वाजवत गाडी येते, तिच्यात वेगवेगळे कप्पे असतात आणि ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घरगुती घातक आणि ई-कचरा असा सहा प्रकारांत कचरा द्यायचा असतो, हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. ते बाईच्या तोंडून, डबे लावता लावता येऊ द्या.

या प्रसंगाचं मर्म असं की घरातले सगळे एकाच डब्यात टाकतात आणि ते वेगळं करतात बाईचे हात. दह्याच्या डब्यात वापरलेली ब्लेड, त्यावर भाजीचे देठ, खाली औषधाची पट्टी. एकेक वस्तू उचलून ती कुठल्या डब्यात जाईल ते न बोलता ठरवते. मधेच गाडीचं गाणं जवळ येतं, आवाज वाढतो, हात भरभर चालायला लागतात. इथे ध्वनीवाल्याने आवाज ४० सेकंदांत हळूहळू चढवायचा, एकदम नाही. ब्लेड मात्र नाटकातली हवी, पुठ्ठ्यावर चांदीचा कागद चिकटवून केलेली. आणि हसू संपल्यावर तिने बोट झटकून बघावं. तेवढं पुरे, त्यावर संवाद नको.

प्रश्न : वाईट वागणारा, अंगचटीला येणारा मालक विनोदी प्रयोगात दाखवावा का? (नाव न छापण्याची विनंती)

दाखवा, पण त्याच्या वागण्यावर हशा येणार नाही अशी काळजी घ्या. तो बोलतो तेव्हा प्रकाश बदलू नका, संगीत नको. तिने दार उघडं ठेवून काम करणं, बादली स्वतःच्या आणि त्याच्या मधे ठेवणं, पुढच्या घरच्या ताईला मोठ्याने फोन लावणं हे दाखवा. खऱ्या आयुष्यात बायका हेच करतात. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा घरकाम करणाऱ्या स्त्रियांनाही लागू आहे आणि तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. शक्य असेल तर ही माहिती प्रयोगाच्या पत्रकावर मागच्या बाजूला मराठी आणि हिंदीत छापा.

प्रश्न : आमच्याच बिल्डिंगमधले प्रसंग आहेत. नावं बदलली म्हणजे झालं ना? परवानगी कशाकशाची लागते? (टिळकनगर)

नाव बदलून भागत नाही. चौथा मजला, पांढरी गाडी, लंगडणारा कुत्रा हे तसंच ठेवलंत तर सोसायटीतलं शेंबडं पोरही ओळखेल. बदनामीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे, आणि "पण हे खरंच घडलं होतं" एवढाच बचाव पुरत नाही, ते सांगणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं. दोन-तीन घरांतल्या गोष्टी एकत्र करून एक नवीन घर बनवा. ते नाटक म्हणूनही जास्त चांगलं होतं.

त्याहून मोठी गोष्ट: ज्या बाईने तुम्हाला सांगितलं, तिची ओळख पटली तर तिचं काम जाईल. संहिता तयार झाली की तिला वाचून दाखवा, बसून, घाई न करता, आणि ती "हे नको" म्हणाली तर ते काढा. मानधन आधी ठरवा. दर प्रयोगामागे ठरावीक रक्कम ठेवली तर हिशेब सोपा राहतो.

महाराष्ट्रात प्रयोग करायचा तर आधी तिथल्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संहितेचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. पुण्याची तारीख पक्की करण्याआधी संहिता तिकडे जाऊ द्या. रेकॉर्ड केलेलं सिनेमाचं गाणं वाजवणार असाल तर ध्वनिमुद्रणाचे हक्क आणि गीत-संगीताचे हक्क वेगवेगळे असतात, परवाना दोन्हींचा हवा. ती गुणगुणत काम करते असं दाखवायचं असेल तर पारंपरिक ओवी घ्या. काम करता करता म्हणण्यासाठीच ती रचलेली असते.

१६ जून हा आंतरराष्ट्रीय घरकामगार दिन. २०११ साली त्याच दिवशी घरकामगारांविषयीचा १८९ क्रमांकाचा आंतरराष्ट्रीय करार मंजूर झाला. पहिल्या प्रयोगासाठी ही तारीख चांगली आहे, आणि तेव्हा पुढच्या दोन रांगा घरकाम करणाऱ्यांसाठी मोफत ठेवाव्यात असं आम्हाला मनापासून वाटतं. सकाळची वेळ मात्र ठेवू नका, तेव्हा त्या कामावर असतात. दुपारी तीनची ठेवा.

प्रश्न : वाकलं की आवाज जातो. माईक कोणता घ्यावा? (रामबाग)

कॉलरला लावायचा माईक या प्रयोगाला चालत नाही. मान खाली गेली की हनुवटी त्याच्यावर येते, ओढणी घासते आणि मान वळवली की आवाज पडतो. गालावरून येणारा हेडसेट माईक घ्या, त्याचं टोक ओठांच्या कोपऱ्यापासून दोन-तीन सेंटिमीटरवर आणि थोडं बाजूला, म्हणजे श्वासाचा फुसफुस आवाज येत नाही. गालावर वैद्यकीय चिकटपट्टीचा तुकडा लावा. वायर कानामागून नेऊन केसांत पिनेने अडकवा. वायर ज्याला जोडलेली असते तो माईकचा डबा (ट्रान्समीटर) कमरेला मागे लावू नका, उकिडवं बसताना तो रुततो आणि सटकतो. वरच्या पाठीवर, कुर्त्याच्या आत शिवलेल्या कापडी खिशात ठेवा.

प्रीतमलाल दुआ सभागृहासारख्या लहान जागेत काही नटी माईकशिवायही निभावतील, पण सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये टाइल्स आणि काचांमुळे आवाज घुमतो. तिथे आवाज वाढवण्याऐवजी कमी ठेवा, स्पीकर प्रेक्षकांच्या जवळ आणा आणि मागच्या भिंतीवर जाड सतरंज्या टांगा. पंखे चालू असतील तर ते चालू ठेवूनच तालीम करा. बादलीच्या बुडाला चार रबरी चकत्या चिकटवा, नाहीतर फळ्यांवर ठेवताना होणारा धप्प आवाज नेमका संवाद खातो. माईकच्या डब्यातले सेल दर प्रयोगाला नवे घाला आणि आणखी दोन सेल विंगेत तयार ठेवा.